सुजाताताईचा पोर्टफोलिओ

दिंडोशीहून नाईककाकूंचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला घरी बूट घालत होतो. नाईककाकू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुजाताताईच्या, समोरच्या दारातल्या शेजारीण. त्या सहसा फोन करत नाहीत, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच बूट हातात राहिला. "मिलिंद, तू लगेच ये रे. सुजाता गेली," त्या म्हणाल्या. मग हळूहळू कळलं ते असं, की ताई सकाळी खाली जाऊन भाजी घेऊन आली, जरा दमल्यासारखं वाटतंय म्हणून पलंगावर आडवी झाली, आणि काकू नेहमीप्रमाणे चहाला हाक मारायला गेल्या तेव्हा तिनं ओ दिली नाही. कॉलनीतले डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबलं होतं, त्रास झाल्याची काही खूण नव्हती. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, सकाळी ती बोलत होती का?" दुसऱ्या कुणाला हा प्रश्न वेडगळ वाटला असता. काकूंना नाही वाटला. म्हणाल्या, "बोलत होती ना. मी बाजूलाच उभी होते. कोथिंबीर घेताना भाजीवाल्याला म्हणाली, ही जुडी कालची आहे, दुसरी दे."

मुलुंडहून लिंक रोडनं गोरेगावला, दिंडोशीत पोचेपर्यंत मी ते वाक्य मनात म्हणत होतो. ही जुडी कालची आहे, दुसरी दे. लोक आपल्या माणसाचे शेवटचे शब्द म्हणून काय काय जपून ठेवतात, माझ्या वाट्याला कोथिंबिरीची जुडी आली आणि ती मला पुरली. दोन वर्षांपूर्वी ताईला पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्यात तिची भाषाच गेली होती. वाचाघात म्हणतात त्याला. समोरच्याचं बरंचसं कळतं, मनात काय आहे तेही ठाऊक असतं, पण शब्द येत नाही. ती त्यातून मोठ्या कष्टानं वर आली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा झटका आला तर पुन्हा सगळं जाऊ शकतं. ताईला भीती होती ती त्याची. एकदा गॅलरीत बसल्या बसल्या ती मला म्हणाली होती, "मरण... चालेल. परत ते... नको." त्यामुळे 'कालची' आणि 'दुसरी' हे दोन्ही शब्द जागच्या जागी असलेलं, वर थोडा तोरा असलेलं ते वाक्य ऐकलं, आणि रडू यायच्या आधी माझ्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. ती पूर्ण वाक्यात गेली... हे लिहिताना कुणाला विचित्र वाटेल, पण मला अजूनही त्याचाच आधार वाटतो.

जलदान विधीला आमच्या नात्यातले लोक होते त्याहून जास्त तिचे विद्यार्थी होते. काही अजून शिकत असलेले, काहींचे केस पांढरे व्हायला लागलेले. वंदना झाल्यावर जो तो मला येऊन एकच सांगत होता, मॅडमचं अकाउंट बंद करू नका. मी मान हलवत होतो. पण तो निर्णय मला घ्यायचा होता, आणि तो घेता येत नव्हता. हे अकाउंट म्हणजे काय, आणि त्यानं माझी का झोप उडवली होती, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

आम्ही आरे कॉलनीत वाढलो. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बुलढाण्याकडून येऊन तिथल्या डेअरीत लागले होते आणि आम्हाला कर्मचाऱ्यांची खोली मिळाली होती, मागे झाडी, पुढे गोठ्याचा वास. दादा अडखळत बोलायचे. 'म'वर अडकले की त्यांची मान एका बाजूला खेचली जायची. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, आमच्या शाळेत, जिथे अनोळखी माणसाशी बोलायचं असेल तिथे ते ताईला बरोबर न्यायचे. लोकांना वाटायचं ती त्यांच्या वतीनं बोलत असेल. तसं नव्हतं. ती नुसती शेजारी उभी राहायची आणि समोरच्याकडे अशी बघायची की तो माणूस घाई करायचा नाही. आमची आई मात्र घाईची, दादांचं वाक्य अर्ध्यात उचलून पुरं करून टाकायची. ताई परकराच्या वयाची असताना आईला म्हणाल्याचं मला आठवतं, "बोलू दे ना गं त्यांना. त्यांचं वाक्य आहे ते." बारावीनंतर तिनं स्पीच थेरपीचा कोर्स शोधून काढला तेव्हा आईला काही केल्या कळेना. "बोलायला शिकवायचं? त्याला कॉलेज कशाला लागतं?" दादा मात्र प्रवेशाच्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गेले.

पुढे ती त्याच विषयाची प्राध्यापक झाली. उपनगरातल्या एका विद्यापीठाच्या वाचा-उपचार विभागात तिनं उभी कारकीर्द काढली. लग्न केलं नाही, दिंडोशीत छोटा फ्लॅट घेतला, आईदादांना शेवटपर्यंत तिथेच सांभाळलं. मी विमा कंपनीत, तिच्या कामातलं मला ओ की ठो कळायचं नाही. रविवारी मी जायचो, ती पोह्यांची बशी हातात द्यायची आणि विभागातल्या कुरबुरी सांगायची. अशाच एका रविवारी तिनं पहिल्यांदा ई-पोर्टफोलिओचं सांगितलं. तिचे विद्यार्थी पेशंटवर शिकायचे आणि त्याचं जर्नल लिहायचे. ही जर्नलं म्हणे सगळी सारखीच. "एकाचं वाचलं की वीस जणांचं वाचून होतं. पेशंट वेगळे, त्रास वेगळे, आणि निष्कर्ष मात्र एकच, प्रगती समाधानकारक. सह्या करून करून माझा हात दुखला, पण पोरं शिकतायत का ते मला कळत नाही." तर तिनं असं ठरवलं होतं की प्रत्येक विद्यार्थ्याचं विद्यापीठाच्या साइटवर स्वतःचं एक अकाउंट, एक पान असेल. त्यात त्यानं पहिल्या वर्षापासूनचं आपलं काम ठेवायचं. पेशंटची परवानगी घेऊन केलेली रेकॉर्डिंग, आखलेले उपचार, खोडलेले आराखडे, आणि दर वेळी आपल्याला काय कळलं, काय नाही, ते आपल्या शब्दांत. शिक्षकांनी ते बघत राहायचं आणि तिथेच अभिप्राय द्यायचा. मी म्हटलं, "म्हणजे फेसबुकच की." ती म्हणाली, "उलटं. तिथे आपण बरे दिसतो तेवढं टाकतो. इथे वाट लागली तेही ठेवायचं."

पण पोरं कसली ठेवतायत. पहिल्या वर्षी सगळ्यांनी चकाचक पानं केली. फुलांच्या चौकटी, सुविचार, आणि रेकॉर्डिंग फक्त जमलेल्या दिवसाचं. ताई वैतागली. "सगळेच हुशार. मग मी कशाला?" तेव्हा तिनं एक गोष्ट केली. स्वतःचं पान उघडलं आणि त्यावर आपलं एक जुनं, पूर्ण फसलेलं सत्र ठेवलं. एका लहान मुलीसमोर ताई अर्धा तास बाहुल्या नाचवतेय आणि मुलगी टेबलाखाली जाऊन बसलीय, ती शेवटपर्यंत बाहेर येत नाही, असं ते होतं. खाली तिनं लिहिलं की मी त्या दिवशी त्या मुलीला शांत बसू द्यायला हवं होतं, पण मला माझ्या शांततेची भीती वाटत होती. विद्यार्थ्यांनी ते बघितलं आणि मग हळूहळू खरी रेकॉर्डिंग यायला लागली.

त्यात एक होती केतकी, बोरिवलीची, वर्गात तोंड न उघडणारी. तिच्याकडे मालाडचे एक निवृत्त बँक अधिकारी पेशंट होते, झटक्यानंतर वाचा गेलेले. केतकी त्यांना आठवडेच्या आठवडे चित्रांची कार्डं दाखवत होती, छत्री, सफरचंद, कुत्रा. एक दिवस त्यांनी कार्डं भिंतीवर फेकली. केतकीनं ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं पोर्टफोलिओत ठेवलं आणि खाली एवढंच लिहिलं, मला हा कोर्स सोडावासा वाटतोय. ताईचा उजवा हात तेव्हाही दुखायचाच, म्हणून ती अभिप्राय लिहायची नाही, बोलून रेकॉर्ड करायची. तिनं म्हटलं, "केतकी, कार्ड फेकणं हेही बोलणंच आहे. ते तुला काहीतरी सांगतायत. मग? पुढे काय?" हे तिचं ठरलेलं होतं. कुणाच्याही कामावर ती आधी एक वाक्य बोलायची आणि मग विचारायची, मग? पुढे काय? केतकीनं त्या गृहस्थांच्या बायकोला विचारलं की ते एरवी काय करायचे. तर ते सोसायटीच्या कार्यक्रमांत हौजीचे आकडे पुकारायचे, प्रत्येक आकड्याला एक गमतीचं नाव लावून. केतकी हौजीचा डबा घेऊन गेली. पाठ झालेल्या गोष्टी मेंदूच्या वेगळ्या वाटेनं येतात म्हणे, तर पहिला आकडा काढला आणि त्यांनी तो नावासकट पुकारला. तेही रेकॉर्डिंग पोर्टफोलिओत आहे. त्यात मागे त्यांची बायको हसतेय का रडतेय ते कळत नाही.

याला गुण कसे द्यायचे यावरून विभागात बरीच वादावादी झाली. तोंडी परीक्षेचे काही गुण पोर्टफोलिओला द्यावेत असं ताईचं म्हणणं, आणि काही प्राध्यापकांना वाटायचं की रडगाण्याला गुण कसले. समितीपुढे ताईनं केतकीची दोन्ही रेकॉर्डिंग एकामागून एक लावली आणि म्हणाली, "पेशंट किती सुधारला याचे गुण नका देऊ. पहिल्यातून दुसऱ्यापर्यंत ही मुलगी कशी आली, त्याचे द्या." आधी एका तुकडीपुरतं मान्य झालं, मग रुळलं. त्या रविवारी तिनं मला पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं, एवढंच काय ते तिचं साजरं करणं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, एका दुपारी, विभागात हेडफोन लावून विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ ऐकत असताना तिला झटका आला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या लक्षात आलं ते असं, की ताई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतेय. "मग... मग... मग." त्यांना वाटलं ती अभिप्राय रेकॉर्ड करतेय. मग तिच्या हातातला पेन खाली पडला.

हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी मग, दुखत असलं तरी मग, माझं नाव घ्यायचं तरी मग. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं करणारी माझी बहीण, आणि तिच्याशी काय बोलावं ते मला कळायचं नाही. मी आईसारखा वागायला लागलो. तिनं 'म' म्हटला की पाणी, औषध, पंखा, टीव्ही असा भडिमार करायचो, आणि ती डोळे मिटून घ्यायची. केतकी तेव्हा घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात थेरपिस्ट होती. तिला कळलं तशी ती आली आणि कुणी न सांगता येत राहिली. पण ताई तिलाही दाद देईना. केतकीनं चित्र काढलं की ताई तोंड फिरवायची. केतकी मला जिन्यात म्हणाली, "मिलिंदमामा, मी काय करणार आहे ते त्यांना माझ्या आधी ठाऊक असतं. त्यांनीच तर शिकवलंय. त्यामुळे त्यांना ते सगळं खोटं वाटतं." त्या दिवशी ती रडली, आणि मला वाटलं आता हीही येणार नाही.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिनं चित्रं आणली नव्हती. पलंगाशी बसली, फोन काढला, त्यावर आपला जुना पोर्टफोलिओ उघडला आणि ताईचा अभिप्राय लावला. खोलीत ताईचा आवाज आला. खणखणीत, जरासा चिडका, आरेच्या मोकळ्या हवेत वाढलेला. केतकी, कार्ड फेकणं हेही बोलणंच आहे... मला वाटलं हा क्रूरपणा आहे, मी उठलोसुद्धा. ताईनं डाव्या हातानं मला बस म्हणून खुणावलं. तिनं ते ऐकलं, पुन्हा लाव म्हणून बोट दाखवलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ते शेवटच्या वाक्याशी आलं तेव्हा ती फोनमधल्या स्वतःबरोबरच बोलली, "मग? पुढे... काय?" केतकीनं फोन बंद केला नाही, तसाच धरून ठेवला. गेलेल्यातले ते पहिले दोन शब्द परत आले. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी मग आपापल्या पोर्टफोलिओतले तिचे अभिप्राय काढून पाठवायला सुरुवात केली. नाशिकहून, नागपूरहून, एकीनं तर परदेशातून. ताई रोज सकाळी स्वतःचा आवाज लावायची आणि त्याच्या मागोमाग चालायची. ती स्वतःकडूनच बोलायला शिकत होती.

मग तिनं एक हट्ट धरला. केतकीच्या फोनकडे बोट, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग दाराबाहेर, लांब. मला कळायला वेळ लागला. तिला आपलं रेकॉर्डिंग करून हवं होतं, आणि ते विभागातल्या मुलांना द्यायचं होतं. तिचं पान होतंच, टेबलाखालच्या मुलीचं सत्र असलेलं. त्यातच हे ठेवायचं. मी म्हटलं, "ताई, नको. ती पोरं तुला मॅडम म्हणतात. त्यांनी तुला असं ऐकायचं?" तिनं पुन्हा फोनकडे बोट केलं. मी म्हटलं, "अगं, कुणीतरी हसेल." ताई म्हणाली, "मग?" या 'मग'मध्ये आजार नव्हता. तो पूर्ण प्रश्न होता. केतकीनं मात्र रीतसर केलं. एकेक गोष्ट विचारून तिच्याकडून मानेनं हो-नाही घेतलं. फक्त विभागातल्या विद्यार्थ्यांनी बघायचं? हो. तुमच्यानंतर काढून टाकायचं की ठेवायचं, हे कुणी ठरवायचं? ताईनं माझ्याकडे बोट केलं. पुढे कितीतरी महिन्यांनी, शब्द जमायला लागल्यावर, तिनं आपण होऊन तो विषय काढला. "नंतर... तू ठरव. काहीही. राग... नाही." मी विषय बदलला. चांगली बोलायला लागली होती, नंतरचं कशाला.

शेवटचं दीड वर्ष खरं तर सुखाचं गेलं. बोलणं पूर्वीसारखं झालं नाही, वाक्यात खड्डे असायचे, नावं सटकायची. पण ती दर आठवड्याला काठी टेकत विभागात जायची. आता शिक्षक म्हणून नाही, पेशंट म्हणून. नवी मुलं तिच्याशी बोलायची, तिला प्रश्न विचारायची, आणि ते आपल्या पोर्टफोलिओत नोंदवायची. मी एकदा तिला पोचवायला गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. एक मुलगा तिच्याशी बोलत होता, आणि ताई शब्दावर अडली की तो चटकन तो पुरवत होता. चांगल्या मनानंच. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ताईनं हात वर केला. "थांब. माझं... वाक्य." मुलगा गोरामोरा झाला, आणि नंतरची सगळी वेळ तो असा थांबला की आम्हालाच धीर निघेना. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शब्द नाही आला की राग येतो?" ताई म्हणाली, "रोज." आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसली.

ती गेल्यावर महिनाभरात विभागप्रमुख बाईंचा फोन आला. विद्यापीठाची जुनी साइट बंद होऊन नवी येत होती. विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ आपोआप तिकडे जाणार होते, पण ताईचं पान न्यायचं की पुसायचं हे घरच्यांनी सांगायचं होतं. "तुम्ही म्हणाल तसं. काही घाई नाही," असं त्या म्हणाल्या, पण घाई होती हे कळत होतं. माझी बायको शैला म्हणाली, "ऐकल्याशिवाय कसं ठरवशील?" आणि मला तीच भीती होती. मी ताईच्या खोलीत होतो तेव्हा जे बघितलं ते बघितलं. ते पुन्हा ऐकायचं, तो एकच शब्द, तो एका बाजूला ओघळलेला खालचा ओठ... माझ्या मनातली शेवटची ताई कोथिंबीर निवडणारी होती, तिच्यावर हे येऊन बसलं तर? शेवटी केतकीला म्हटलं, तू बरोबर असशील तर येतो.

विभागातल्या छोट्या खोलीत, भर दुपारी, आम्ही बसलो. केतकीनं विचारलं कुठलं लावू, मी म्हटलं पहिल्यापासून. पहिलं मी जेमतेम ऐकलं. फोनमधल्या आवाजाची सोबत नसली की तेव्हा तिला अजून एकच शब्द यायचा. मग, मग, मग. दुसऱ्यात 'पुढे'. मग 'पाणी'. मग 'चमचा', जो म्हणायला तिला इतका वेळ लागलाय की मध्ये खालून गेलेल्या गाडीचा हॉर्न पूर्ण ऐकू येतो. त्याखाली कुण्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, मॅडम, तुम्ही 'चमचा'ला घेतला तेवढा वेळ मी आज माझ्या पेशंटला दिला, त्यांना तुमच्याहून कमी लागला. मी हसलो, आणि तिथून पुढे मला ऐकणं सोपं गेलं. दोन शब्द, तीन शब्द, नाईककाकूंबद्दलची तक्रार, माझ्याबद्दलची तक्रार. माझ्या लक्षात आलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याचं नवल वाटलं. आजारी माणसाच्या आठवणी आपण धडधाकट दिवसांपासून धरतो आणि शेवटाकडे जातो, म्हणून त्या खाली उतरत जातात. या पानावर ताई वर चढत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं तर ती दर वेळी बरी होत होती, आणि जो कुणी उद्या ऐकेल त्याच्यासाठीही बरीच होत जाणार होती.

शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती मुलांना आरेची गोष्ट सांगतेय. एकदा जंगलातल्या रस्त्यावर म्हैस बससमोर येऊन उभी राहिली, हलेना, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मग बसमधून दादा उतरले. "ते... गेले तिच्याजवळ. आणि... बोलले. चल गं माझे बाई, मागे लोक... खोळंबलेत. एकदम... सरळ. दादा म्हशीशी कधी... अडखळायचे नाहीत." मी केतकीला ते पुन्हा लावायला सांगितलं. त्याच घरात मी वाढलो, त्याच गोठ्यांमधून दादांच्या मागे हिंडलो, आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ताईच्या ध्यानात होतं. मला वाटतं तिथूनच तिचा सगळा अभ्यास सुरू झाला असावा. विभागप्रमुख बाई दारात आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, न्या तिकडे, सगळं न्या, काहीही काढू नका. केवढं मोठं ओझं उतरलं असं वाटलं. केतकीनं टेबलावरचा माझा हात थोपटला, आणि आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो.

दिंडोशीचा फ्लॅट अजून आमच्याकडेच आहे. मी रविवारी जातो, खिडक्या उघडतो, नळ सोडून बघतो. परवा शैलाही आली होती. घर पुसताना तिनं मला हाक मारली. कपाटांवर, फ्रिजवर, दारांवर जागोजागी चिकटपट्टीचे छोटे चौकोनी डाग होते. आजारपणात केतकीनं घरभर शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि जो शब्द बिनचूक यायला लागेल त्याची चिठ्ठी ताई स्वतः उपटून टाकायची. सगळ्या उपटून झाल्या होत्या. एकच राहिली होती, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर, केतकीच्या अक्षरात, 'मिलिंद'. हा शब्द ताईला फार आधी आला होता. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, काढ आता, रोज हाक मारतेस. ती म्हणाली होती, "ते शब्दासाठी नाही. खुर्ची... तुझी आहे." शैलानं विचारलं, काढू का हे, पाण्यानं निघेल. मी म्हटलं, राहू दे. खालून भाजीवाल्याची आरोळी येत होती. शैला आत चहा टाकायला गेली आणि मी जाऊन खुर्चीत बसलो.